दाबायला पाय आहे, सोडवायला कोण?
मोटरसायकलचा मागचा ब्रेक पकडून का राहतो आणि तो मोकळा कसा करायचा

दोन पावसाळ्यांपूर्वी मी कऱ्हाडहून चिपळूणला येत होतो. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत काही जाणवलं नाही, कारण उतारावर कसलीही गाडी पळते. सपाटीला लागल्यावर मात्र कुणीतरी मागच्या सीटची कडी धरून ओढतंय असं वाटायला लागलं. चौथ्या गिअरमध्ये गाडी ढकलत नव्हती, तिसऱ्यात टाकली तर रडत होती. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने हात करून सांगितलं, लाल दिवा पेटलेलाच आहे. थांबलो तर मागच्या चाकातून जळका वास.

रस्त्याकडेच्या मिस्त्रीने ब्रेक रॉडच्या टोकाचा नट चार आटे सोडला, चाक हाताने फिरवून दाखवलं आणि म्हणाला, "झालं, पळवा." पंधरा दिवसांत पुन्हा तेच. फरक एवढाच की आता पेडल खाली फूटरेस्टच्याही खाली जात होतं आणि ब्रेक लागतही नव्हता नीट. पकडून ठेवणारा आणि तरीही न लागणारा ब्रेक! हे कोडं सुटलं तेव्हा कळलं की आपण सगळे ब्रेककडे चुकीच्या टोकाने बघतो. ब्रेक लागतो कसा हे आपल्याला ठाऊक असतं. तो सुटतो कसा हे कुणी विचारत नाही, आणि बिघाड नेमका तिथे असतो.

आधी खात्री करा, ब्रेकच आहे का?

गाडी डबल स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये घ्या आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवा. मागच्या चाकाला चेन असते, त्यामुळे ते पुढच्याइतकं भिरभिरणार नाही. तरी एक-दोन फेरे सहज व्हायला हवेत. बारीक 'सुईंऽ' असा आवाज आला तर घाबरू नका. डिस्कचे पॅड डिस्कला हलके टेकलेलेच असतात. चाक अर्ध्या फेऱ्यात अडकत असेल तर मात्र काहीतरी धरलंय.

आता पेडल एकदा दाबून सोडा आणि पुन्हा फिरवा. दाबण्याआधी मोकळं होतं आणि दाबून सोडल्यावर जड झालं, तर दोष ब्रेकमध्येच. दोन्ही वेळा सारखंच जड असेल तर बेअरिंग किंवा अति ताणलेली चेन यांच्यावरही संशय घ्या.

दुसरी खूण उष्णतेची. ब्रेक फार न वापरता पाच-सहा किलोमीटर चालवून या आणि हाताची पाठ मागच्या चाकाच्या मधल्या भागाजवळ न्या. जवळ न्या म्हणतोय, टेकवू नका. पुढच्या चाकापेक्षा मागचं चांगलंच तापलेलं असेल तर निदान झालं.

एवढी उष्णता येते कुठून?

ब्रेकचं काम एकच: गाडीच्या वेगाची ऊर्जा घासून उष्णतेत बदलायची. गाडी आणि चालवणारा मिळून २०० किलो धरा, वेग ताशी ६० किलोमीटर. ही गाडी थांबवताना साधारण २८ किलोज्यूल उष्णता तयार होते. नळाचं ८०-९० मिलिलिटर पाणी तेवढ्यात उकळीला येईल. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबवलीत की एक कटिंग चहा होतो असं समजा.

आता पकडून राहिलेला ब्रेक घ्या. तो फक्त दोन किलोच्या ओझ्याइतक्या जोराने चाकाला मागे ओढतोय असं समजू. ऐकायला काहीच नाही. पण दर दीड किलोमीटरला त्यात एक कटिंग उकळतंय, तीस किलोमीटरला वीस. तेही थांबून गार व्हायला उसंत न देता. ही सगळी उष्णता तुमच्या पेट्रोलमधून येते, हे वेगळं सांगायला नको. लायनर (ब्रेकचा घासणारा थर) जळतो, हबमधलं म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, बेअरिंग कोरडं पडतं. 'ब्रेक कडक आहे, चांगलंच की' म्हणणाऱ्यांना हे वीस कप दाखवावेत.

ड्रमच्या आत काय असतं?

शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतो. चाकाच्या मधोमध जो गोल डबा दिसतो तो ड्रम. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन ब्रेक शू समोरासमोर बसवलेले असतात, आणि त्यांच्या पाठीवर घासून झिजणारा थर असतो, तो लायनर. दोन्ही शूंची एका बाजूची टोकं एका खिळीवर टेकलेली असतात. दुसऱ्या बाजूच्या टोकांमध्ये कॅम असतो, म्हणजे दोन बाजूंनी चपटा केलेला लोखंडी दांडा.

पेडल दाबलं की रॉड ओढला जातो, रॉड बाहेरच्या आर्मला ओढतो, आर्म कॅमला फिरवतो. चपटा कॅम आडवा-उभा होताना शूंना फाकवतो आणि लायनर ड्रमला आतून जाऊन घासतो. दोन बोटांच्या फटीत चपटी पट्टी घालून पिळली की बोटं फाकतात, तसंच.

आता पाय उचलला. शूंना पुन्हा जवळ कोण आणणार? त्यांच्यामध्ये ताणून बसवलेल्या दोन छोट्या स्प्रिंगा. पेडलला वर कोण आणणार? आणखी एक स्प्रिंग. दाबायला तुमच्या पायाचा अख्खा जोर आहे आणि तो रॉड-आर्मच्या लांबीमुळे कितीतरी वाढतो. सोडवायला मात्र करंगळीएवढ्या स्प्रिंगा. त्यामुळे वाटेत कुठे जरा गंज चढला, ग्रीस वाळून चिकट झालं, लायनरची भुकटी साचली, तर पाय ते सगळं न कळता रेटून नेतो. स्प्रिंग मात्र तिथेच हरते. पकडून राहणारा ब्रेक म्हणजे बहुतेक वेळा ही अडलेली परतीची वाट.

त्यात ड्रमची एक खोड आहे. फिरणारा ड्रम दोनपैकी एका शूला स्वतःबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो. दाराखाली पाचर घातली की दार एका दिशेला ढकलल्यावर ती जास्तच रुतते, तसं. म्हणून किंचित टेकलेला शूही चालत्या गाडीत चांगलाच धरू शकतो. आणि म्हणूनच जाम झालेलं चाक कधी कधी गाडी हातभर मागे ढकलल्यावर सुटतं.

वाट पायापासून तपासत जा

चाक उघडण्याआधी पेडलपाशी बसा. पेडल ज्या दांड्यावर फिरतं तो फूटरेस्टजवळ, थेट चिखलाच्या माऱ्यात असतो. कोकणात तर खारी हवा त्याची वाटच बघत असते. रॉड आर्मपासून सुटा करा आणि पेडल हाताने खाली-वर करा. तेच जड असेल, दाबल्यावर आरामात झोपून राहत असेल, तर अर्ध्या तासाचं काम: पेडल काढा, दांडा पॉलिश पेपरने घासा, ग्रीस लावा, स्प्रिंग गंजली असेल तर नवी टाका. ब्रेक लाइटचा स्विच याच पेडलला बारीक स्प्रिंगने जोडलेला असतो. दिवा पेटून राहतो तो त्यामुळे. तो टेम्पोवाला मला अर्ध निदान फुकटात सांगून गेला होता.

पेडल मोकळं निघालं तर चाकावरचा आर्म हाताने पुढे ओढून सोडा. तो ठणकन परत यायला हवा. आळसावून, टप्प्याटप्प्याने येत असेल किंवा येतच नसेल, तर कॅम अडलाय. माझ्या गाडीचा तोच होता.

२०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस, आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. सीबीएस म्हणजे एका पेडलने दोन्ही चाकांना ब्रेक लागणं. अशा बऱ्याच गाड्यांत पेडलपासून एक केबल पुढच्या ब्रेकलाही जाते. तेव्हा पेडल अडकलं की पुढचं चाकही घासू शकतं, आणि केबल गंजली तर तीही पेडलला परत येऊ देत नाही. तपासताना दोन्ही चाकं फिरवून बघा.

मग नट ढिला करण्यात चूक काय?

नट सोडला की रॉड लांब होतो आणि आर्म थोडा मागे जातो. चाक सुटतं, गिऱ्हाईक खूश. पण कॅम अडलेलाच. पुढच्या दाबाला तो पुन्हा फिरतो आणि पुन्हा पूर्ण परत येत नाही. दरम्यान पेडलला ब्रेक लागेपर्यंत जास्त अंतर जावं लागतं. पकडतोही आणि लागतही नाही, या माझ्या कोड्याचं उत्तर हेच. घरातला नळ गळतो म्हणून गल्लीतला कॉक अर्धा बंद करण्यासारखं आहे ते.

नट जेव्हा खरंच घट्ट असतो तेव्हा मात्र तो सोडणं हाच उपाय. पेडल हाताने दाबून बघा. ब्रेक धरायला लागण्याआधी ते थोडं रिकामं जायला हवं. या रिकाम्या चालीला फ्री प्ले म्हणतात, आणि बऱ्याच कम्यूटर गाड्यांच्या पुस्तिकेत तो २० ते ३० मिलिमीटर दिलेला असतो. बोटाच्या साधारण एका पेराएवढा.

हा फ्री प्ले गुपचूप खाऊन टाकणारा एक चोर आहे: चेन टाइट करणं. चेन ताणताना चाक मागे सरकतं. पेडल जागेवर, चाक मागे, मधला रॉड तेवढाच. म्हणजे रॉड ओढला गेला, तुम्ही न दाबताच ब्रेक थोडा लागला. 'चेन टाइट करून आणली आणि गाडी जड झाली' ही तक्रार किती जणांकडून ऐकलीय! चेनला हात लावला की शेवटी ब्रेकचा नट बघायचाच.

चाक उघडायची वेळ आली तर

काम अवघड नाही, पण घाईचं नाही. चाक काढलं की शू बसवलेली प्लेट ड्रममधून बाहेर येते. आतली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की राहतं. ओल्या फडक्याने पुसून घ्या, फडकं टाकून द्या.

शू दोन्ही हातांनी पुस्तक मिटल्यासारखे दुमडले की स्प्रिंगांसकट निघतात. आता खरा गुन्हेगार समोर येतो. कॅमचा दांडा प्लेटच्या भोकात फिरतो, आणि त्या भोकात गंज आणि करपलेलं ग्रीस यांचा मुरांबा झालेला असतो. आर्म काढण्याआधी आर्मवर आणि दांड्याच्या टोकावर खुणेचे ठिपके आहेत का बघा. नसले तर टोच्याने स्वतः करा. दांड्याच्या टोकावरचा दात एकाने जरी चुकला तरी आर्म भलत्याच कोनात बसतो. दांडा आणि भोक दोन्ही पॉलिश पेपरने लख्ख करा. बोटाने लोटल्यावर दांडा लोण्यासारखा फिरायला हवा. मग उष्णता सहन करणारं ग्रीस दांड्याला, कॅमच्या चपट्या बाजूंना आणि खिळीला लावा. अगदी पातळ, कुंकवाच्या बोटाएवढं. जास्तीचं ग्रीस तापून लायनरवर गेलं की ब्रेक सुटेल तो कायमचाच.

शूंच्या स्प्रिंगा सैल वाटल्या तर नव्या घाला. लायनर संपलेत का हे बाहेरूनही कळतं: ब्रेक पूर्ण दाबल्यावर आर्मजवळचा बाण प्लेटवरच्या खुणेपर्यंत पोचला की शू बदलायचे. संपत आलेल्या लायनरमध्ये कॅम फार फिरतो, आडवाच पडतो आणि परत यायला कुरकुरतो. ड्रमच्या आत बोट फिरवा, खोल चर असेल तर त्याची काठावर कोरलेली कमाल व्यासाची मर्यादा बघून घ्या.

परत बसवताना एक गोष्ट विसरलात तर बाकी सगळं व्यर्थ. प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला चाक धरणाऱ्या मागच्या दांड्याशी (स्विंगआर्मशी) बांधणारा एक टॉर्क रॉड बहुतेक गाड्यांना असतो. त्याचा नट आणि स्प्लिट पिन लावल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नका. तो सुटा राहिला तर पहिल्या ब्रेकला अख्खी प्लेट फिरते, रॉड गुंडाळला जातो आणि चाक जागच्या जागी जाम होतं.

माझ्या गाडीला मागे डिस्क आहे, माझं काय?

डिस्कमध्ये रॉडऐवजी ब्रेक ऑइल असतं. पेडल मास्टर सिलिंडरमधला छोटा पिस्टन ढकलतं, दाब पाइपातून कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर बसवलेल्या पकडीत जातो, तिथला मोठा पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. परत आणणारी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसतेच! तिथलं काम एक रबराची सील करते. एक प्रयोग करा. अंगठा मनगटावर टेकवा आणि न घसरू देता पुढे लोटा. कातडी ताणली जाते, सोडलं की अंगठ्याला मागे आणते. पिस्टनभोवतीची सील हेच करते, आणि मागे येणं असतं मिलिमीटरच्या काही दशांशांचं. पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले, सील फुगली किंवा कडक झाली, की हा नाजूक कारभार संपला.

दुसरी जागा मास्टर सिलिंडर. पाय उचलल्यावर दाबलेलं ऑइल टाकीत परतायला तिथे सुईच्या टोकाएवढं भोक असतं. कचऱ्याने ते बुजलं तर दाब आत कोंडतो. कुकरच्या शिट्टीत डाळीचा कण अडकल्यावर झाकण उघडत नाही ना, तसं चाक सुटत नाही. भोक स्वच्छ असूनही हे होऊ शकतं. पेडल पायाला सोयीचं व्हावं म्हणून कुणी त्याची दांडी आटे फिरवून लांब केली, तर आतला पिस्टन पूर्ण मागे येतच नाही आणि भोक झाकलेलं राहतं. मग पॅड घासतात, ऑइल तापून फुगतं, फुगून आणखी दाबतं. काही किलोमीटरांत चाक धरून बसतं आणि चहा पिऊन येईपर्यंत आपोआप सुटतं. गार झाल्यावर सुटणारा ब्रेक ही याच दोषाची सही.

तिसरी जागा रबरी पाइप. जुना झाला की आतून सुजतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत मात्र येत नाही.

यातला नेमका कोणता, हे एका पान्यात कसं कळतं?

कॅलिपरवर रबरी टोपीखाली एक निपल असतो. चाक धरलेलं असतानाच त्याला पारदर्शक नळी लावून टोक बाटलीत सोडा, आणि पान्याने निपल जरासा सैल करा. डोळ्यांना चष्मा लावा. ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि चाक सुटलं, तर दाब कोंडलेला होता: दोष पाइपात किंवा मास्टर सिलिंडरमध्ये. काहीच फरक पडला नाही तर कॅलिपरच अडलाय: पिस्टन, किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडल्यात. पिनांची सोय सोपी, साफ करून सिलिकॉन ग्रीस. पिस्टनला गंजाचे खड्डे असले तर पिस्टन आणि सील दोन्ही नवे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. या रबराला पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस काहीही लागू देऊ नका. सील फुगते आणि आधी नसलेला दोष तयार होतो. ब्रेक ऑइलच्या टाकीवर लिहिलंय तेच ऑइल वापरा, डॉट ३ किंवा डॉट ४. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून अर्धी वापरलेली जुनी बाटली माळ्यावरून काढून ओतू नये. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा प्यायलेलं १५५ च्या आसपास. पकडून राहिलेल्या ब्रेकला तेवढं तापणं जड नाही, आणि उकळलं की पेडल एकदम पोकळ जातं. तोच ओलावा पिस्टनला आतून गंजवतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात ते यासाठी. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलतं.

एबीएसवाल्या गाडीचं ऑइलचं काम मात्र मी घरी करणार नाही. त्याच्या मॉड्यूलमध्ये अडकलेली हवा काढायला बऱ्याचदा कंपनीचं यंत्र लागतं.

'एवढं कशाला, गंज सोडवणारा स्प्रे मारला की झालं'

पेडलच्या दांड्यावर मारा, तात्पुरता उपयोग होईल. ड्रमच्या फटीतून किंवा डिस्कच्या जवळ मारलात तर लायनर तेलकट. तेलकट लायनर घासून साफ होत नाहीत, फेकावे लागतात.

'गाडी नुसती उभी होती, चार दिवस पावसात. तेवढ्याने बिघडते?'

त्याला बिघाड म्हणू नका. ओल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पातळ गंज चढतो आणि लायनर त्याला चिकटतो. न्यूट्रलमध्ये गाडी मागे-पुढे हलवली की 'टक्' आवाज होऊन सुटते, पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरते, मग ठीक. क्लच सोडून इंजिनच्या जोरावर ओढू नका, लायनरचा थर उपटून येऊ शकतो. धुतल्यावर गाडी थोडी चालवून, ब्रेक हलके दाबून वाळवून मगच उभी केली तर हा प्रकार बराच टळतो.

'नवे शू टाकल्यापासूनच घासतंय'

नव्या शूंची गोलाई ड्रमशी जुळायला थोडे किलोमीटर जावे लागतात. हलका आवाज चालेल. चाक तापत असेल तर नट सोडून फ्री प्ले पुन्हा लावा. आणि नव्या शूंसोबत जुन्याच स्प्रिंगा घातल्यात का ते मिस्त्रीला विचारा.

मिस्त्रीला काय सांगायचं?

सगळ्यांनी पाने घेऊन बसावं असं माझं म्हणणं नाही. ब्रेकवर जीव असतो, खात्री नसेल तर गॅरेजच बरं. फक्त 'ब्रेक जाम होतोय, बघा जरा' असं म्हटलंत तर नट ढिला होऊन मिळेल. त्याऐवजी म्हणा, "दादा, नट सोडू नका. प्लेट उघडून कॅम बाहेर काढा, साफ करून ग्रीस करा. मी थांबतो." डिस्क असेल तर, "आधी निपल उघडून बघू, चाक सुटतंय का." मी दुसऱ्या खेपेला दुसरीकडे गेलो आणि हेच म्हणालो. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, कॅम हातोडीने ठोकून ठोकून बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. दांड्यावर लाल गंज, ग्रीसचा मागमूस नाही. "सात वर्षांत कुणी काढलाच नाय हा," म्हणाला. गाडी सात वर्षांचीच होती.